ऑर्डरची तारीख नेमकी कोणती? उत्पादन आणि डिस्पॅचच्या संगणकीय नियोजनाचा इतिहास

उत्पादन व्यवस्थापनाच्या पेपरात एमआरपीचे एक गणित हमखास असते. हे एमआरपी म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत नव्हे, तर मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, अर्थात कोणता सुटा भाग किती आणि केव्हा लागेल याचा हिशोब. गणितात आठवड्यांचे रकाने आखून दिलेले असतात, लीड टाइमही दिलेला असतो आणि सर्वांचे उत्तर एकच येते. ऑर्डर ‘सहाव्या आठवड्यात’ हवी, एवढेच तुम्हाला सांगितलेले असते. कोणाला हवी, कुठे हवी, आणि सहावा आठवडा कोणी ठरवला, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. कारखान्यात मात्र निम्मे वाद याच प्रश्नांवर होतात. म्हणून या टिपणात आपण गणित बाजूला ठेवून तारखेचा इतिहास पाहू.

आधी एक काल्पनिक उदाहरण घेऊ, ते पुढेही लागेल. कोइमतूरमधल्या एका पंप कारखान्याला केनियातल्या ग्राहकाची ऑर्डर येते : माल मोंबासाला ३० जूनपर्यंत पोहोचला पाहिजे. समुद्रप्रवासाला २० दिवस धरले, तर जहाज १० जूनला सुटायला हवे. कंटेनर बंदरात त्याआधी ३ दिवस, म्हणजे ७ जूनला हवा. कारखान्यातून बंदरापर्यंतच्या वाहतुकीला २ दिवस लागतात, म्हणून माल ५ जूनला फाटकाबाहेर पडला पाहिजे. चाचणी आणि पॅकिंगला ४ दिवस, म्हणजे जुळणी १ जूनला संपली पाहिजे. जुळणीला ७ दिवस, म्हणजे ओतीव भाग २५ मेला हातात हवेत. फाउंड्रीला ३५ दिवस लागतात, म्हणून फाउंड्रीची ऑर्डर २० एप्रिलला निघाली पाहिजे.

ग्राहकाने एकच तारीख सांगितली आणि तिच्यातून आणखी सहा तारखा तयार झाल्या. या उलट्या मोजणीला बॅकवर्ड शेड्यूलिंग म्हणतात. आता समजा, ग्राहकाची ऑर्डर आली तीच २८ एप्रिलला. म्हणजे कोणी काही करण्याआधीच काम ८ दिवस मागे पडलेले आहे. मग उलट दिशेने, आजपासून पुढे मोजावे लागते आणि माल मोंबासाला ८ जुलैला पोहोचेल असे उत्तर येते. मागितलेली तारीख ३० जून आणि आपण कबूल करू शकतो ती तारीख ८ जुलै. या दोन तारखा दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या की एकीवर दुसरी लिहायची? वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न पुढच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा समोर येतो.

भिंतीवरचा तक्ता

तारखा चित्रात मांडण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास पोलादाच्या कामासाठी ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तक्ता बनवला. कोणते काम कोणत्या कामानंतर येते, हे त्यात दिसत असे. पण ही पद्धत बाहेरच्या जगाला फार उशिरा कळली. अमेरिकेत हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जे तक्ते लोकप्रिय केले, त्यांनाच आपण आज गँट चार्ट म्हणतो. वॉलेस क्लार्क यांचे या तक्त्यावरचे पुस्तक १९२२ साली आले आणि पद्धत अनेक देशांत पोहोचली.

गँट यांच्या तक्त्यातली एक गोष्ट आजच्या स्क्रीनवर बऱ्याचदा हरवते. ठरवलेले काम आणि प्रत्यक्ष झालेले काम, दोन्ही एकाच पट्टीवर एकमेकांशेजारी दिसत. नियोजन चुकले म्हणून जुनी रेघ पुसली जात नसे. मला हा तक्ता त्या प्रामाणिकपणासाठी आवडतो. आज सॉफ्टवेअरमध्ये पट्टी माऊसने धरून उजवीकडे सरकवली, की ती आधी कुठे होती याची खूणही राहत नाही.

पण भिंतीवरच्या तक्त्याला मर्यादा होती. एका यंत्रात हजार सुटे भाग असतील, तर तक्त्यावर ते मावत नाहीत. त्यामुळे सुट्या भागांचा हिशोब वेगळ्याच वाटेने गेला आणि त्या वाटेवर तारीख नव्हतीच. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एका खेपेला किती नग बनवावेत याचे सूत्र मांडले, तेच तुमचे ईओक्यू. आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये साठा ठरावीक पातळीखाली गेला की नवी ऑर्डर काढण्याच्या पद्धतीवर लिहिले. ‘किती’ आणि ‘साठा किती उरल्यावर’ या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. ‘कोणत्या तारखेला’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

याचा परिणाम साध्या गुणाकाराने समजतो. एका पंपाला १० भाग लागतात आणि प्रत्येक भाग स्टोअरमध्ये असण्याची शक्यता ९० टक्के आहे. सगळे दहा भाग एकाच वेळी हाताशी असण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. भाग २० असतील तर जेमतेम १२ टक्के. स्टोअर भरलेले आणि जुळणी थांबलेली, असे दृश्य म्हणूनच दिसे. मग एक माणूस हातात कागद घेऊन शॉपमध्ये फिरू लागे. त्या कागदाला आपल्याकडच्या कारखान्यांत ‘शॉर्टेज लिस्ट’ म्हणतात. कोणते काम खरोखर आधी हवे, हे या यादीवरून ठरे. ऑर्डरच्या कागदावरची तारीख फक्त फायलीत राही.

तारीख संगणकात जाते

हजारो भागांच्या तारखा मोजायच्या तर प्रत्येक यंत्र कोणत्या भागांचे बनते, ते भाग कोणत्या उपभागांचे, अशी साखळी यंत्राच्या स्मरणात हवी. या साखळीला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. गणिती अँड्र्यू वॅझोनी यांनी तिचा आलेख मांडला आणि त्याचे श्रेय ‘झेपार्टझॅट गोझिंटो’ नावाच्या एका इटालियन गणितज्ञाला देऊन टाकले. असा कोणी गणितज्ञ नव्हताच. ‘द पार्ट दॅट गोज इन्टू’ हे शब्द भरभर म्हणून पाहा, म्हणजे विनोद कळेल. काही पाठ्यपुस्तकांत आजही ‘गोझिंटो आलेख’ असे गंभीरपणे छापलेले असते.

पंच कार्ड आणि चुंबकीय फीत यांच्यावर ही साखळी चालवणे त्रासाचे होते, कारण हवी ती नोंद शोधायला सगळा गठ्ठा पहिल्यापासून वाचावा लागे. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक हे यंत्र आणले. त्यात ५० तबकड्या होत्या आणि ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवरच्या एका फोटोला याहून जास्त जागा लागू शकते. पण हवी ती नोंद थेट वाचता येऊ लागली आणि हजारो भागांच्या तारखा मोजणे आवाक्यात आले.

जोसेफ ऑर्लिकी हे नाव इथे येते. ते जे. आय. केस या शेतीयंत्रे आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत काम करत होते. पुढे ते आयबीएममध्ये गेले आणि १९७५ मध्ये त्यांनी एमआरपीवरचे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा ऐकायला सोपा आहे. ट्रॅक्टर किती खपतील याचा अंदाज बांधावा लागतो. चाके किती लागतील याचा अंदाज बांधायचा नसतो, ती मोजायची असतात. ट्रॅक्टरची तारीख ठरली की चाकांची तारीख आपोआप ठरते. पहिली मागणी स्वतंत्र, दुसरी अवलंबित. ईओक्यूचे सूत्र अवलंबित मागणीला लावणे ही मूळ चूक होती.

परीक्षेसाठी तुम्ही इथेच थांबता. पण ऑर्लिकी आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर वाइट व जॉर्ज प्लॉसल यांनी ज्या गोष्टीवर सर्वाधिक भर दिला, ती याच्या पुढची आहे. प्रत्येक ऑर्डरला दोन तारखा असतात. एक ऑर्डर काढताना कागदावर लिहिलेली, तिला ते ड्यू डेट म्हणत. दुसरी आजच्या परिस्थितीत तो भाग खरोखर केव्हा लागणार आहे ती, म्हणजे नीड डेट. ऑर्डर काढली त्या दिवशी दोन्ही सारख्या असतात. मग ग्राहक पंधरा दिवस पुढे ढकलतो, एखादी खेप तपासणीत नापास होते, दुसरा भाग उशिरा येणार असे कळते, आणि दोन्ही तारखा एकमेकींपासून दूर जाऊ लागतात. संगणकाने दर वेळी नवी गरज मोजावी आणि ‘ही ऑर्डर अलीकडे आणा’, ‘ही पुढे ढकला’, ‘ही रद्द करा’ असे नियोजकाला सांगावे, हे त्या पद्धतीचे खरे काम होते. भाग मोजणे ही केवळ पूर्वतयारी.

‘पुढे ढकला’ या सूचनेकडे विशेष लक्ष द्या, कारण ती पाळायला कोणालाच आवडत नाही. घाईची ऑर्डर घाईची म्हणून दाखवणे सोपे असते. पण जी आता घाईची राहिली नाही, तिची तारीख मागे घेतली नाही, तर शॉपमध्ये सगळ्याच ऑर्डरी घाईच्या दिसतात. कामगार आणि सुपरवायझर मग कागदावरच्या तारखेवर विश्वास ठेवत नाहीत आणि पुन्हा शॉर्टेज लिस्ट हातात घेतात. लाखो रुपयांचे सॉफ्टवेअर आणि खिशात घडी केलेला कागद, दोन्ही एकाच शॉपमध्ये शेजारी नांदताना दिसतील. सुपरवायझरची शिस्त हा त्यात मुद्दा नसतो. त्याच्या कागदावरची तारीख खरी असते, म्हणून तो कागद चालतो.

लीड टाइमचेही असेच आहे. फाउंड्रीने ५ आठवड्यांऐवजी ७ आठवडे लागतील असे सांगितले, तर तिचे सगळे ग्राहक पुढच्या दोन आठवड्यांची गरजही आजच नोंदवून टाकतात. फाउंड्रीसमोरची रांग लांबते आणि आता ९ आठवडे लागतील असे ती सांगते. भट्टी तीच, माणसे तीच आणि खपणारे पंपही तेवढेच. फक्त एका रकान्यातला आकडा बदलल्याने उशीर निर्माण झाला. याला लीड टाइमचा विकार म्हणतात.

दोन अंकी वर्ष आणि पुसली जाणारी तारीख

सुरुवातीच्या पद्धतींत खरी दिनदर्शिका वापरणेही अवघड होते. सुट्ट्या वगळून दिवस मोजायला प्रोग्रामला कष्ट पडत. म्हणून अनेक कारखान्यांनी कामाच्या दिवसांना ००० ते ९९९ असे सलग क्रमांक देऊन स्वतःची दिनदर्शिका केली. दिवस ४१२ अधिक १० म्हणजे ४२२, मध्ये कितीही रविवार येवोत. शॉपमध्ये ती चांगली चालली. ग्राहकाला मात्र ‘तुमचा माल दिवस ४२२ ला निघेल’ असे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक कागदावर भाषांतर करावे लागे.

जागेची काटकसर दुसरीकडेही झाली. पंच कार्डावर ८० रकाने असत, म्हणून वर्ष दोनच अंकांत लिहीत. ही सवय कार्डे गेल्यावरही टिकली. वाय-टू-के म्हटले की लोकांना ३१ डिसेंबर १९९९ ची मध्यरात्र आठवते, पण नियोजनाच्या पद्धतींना ही मध्यरात्र लवकर गाठते. २००० सालात द्यायचा माल १९९९ मध्येच, किंवा त्याही आधी, नोंदवावा लागतो. ‘००’ हा आकडा ‘९९’ च्या आधी येतो, म्हणून पुढच्या वर्षीची ऑर्डर जवळपास शंभर वर्षे थकलेली दिसू लागते आणि सर्वांत घाईची म्हणून यादीत वर चढते. हे जुने प्रोग्राम दुरुस्त करण्याचे बरेच काम भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांकडे आले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दिवस आधी की महिना आधी हा गोंधळ तर आजही आहे. अमेरिकेतल्या ग्राहकाने लिहिलेली ०४/०५ ही तारीख ५ एप्रिलची असते, आपण ती ४ मे वाचतो. यावर उपाय म्हणून वर्ष, महिना, दिवस असा क्रम सांगणारे आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ मध्ये आले.

दरम्यान १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप ही कंपनी काढली. त्यांचे पहिले काम आयसीआय कंपनीच्या योस्ट्रिंगेन येथील नायलॉन कारखान्यासाठी होते. रात्री किंवा आठवड्याच्या शेवटी कार्डांचा गठ्ठा चालवण्याऐवजी पडद्यासमोर बसून नोंद तत्काळ बदलता यावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे विक्री, उत्पादन, गोदाम आणि हिशोब एकाच माहितीवर चालू लागले आणि १९९० च्या दशकात याला ईआरपी हे नाव रूढ झाले. आपल्या उदाहरणातल्या तारखांना तिथे पक्के रकाने मिळाले : माल तयार असण्याची तारीख, वाहतूक ठरवण्याची, गाडी भरण्याची, माल बाहेर पडण्याची आणि ग्राहकाला मिळण्याची.

फायदा उघड होता. विक्री विभागातला माणूस फोनवरच सांगू शकतो, की १०० पंप शिल्लक आहेत, ८५ आधीच इतरांना कबूल झाले आहेत, तुम्हाला आज १५ मिळतील. पण पडद्यावर तारीख बदलणे एवढे सोपे झाले, की ती बदलली हे कळेनासे झाले. कागदावर खाडाखोड तरी दिसे. ८ जुलै खोडून १५ जुलै लिहिले, मग २२ जुलै, आणि माल २१ जुलैला पोहोचला. महिनाअखेरच्या अहवालात ही ऑर्डर ‘वेळेआधी एक दिवस’ म्हणून झळकते. ग्राहक तीन आठवडे ताटकळलेला असतो. वेळेवर पुरवठ्याची टक्केवारी दाखवणारा कोणताही अहवाल समोर आला, तर ‘कोणत्या तारखेशी तुलना केली?’ हा प्रश्न आधी विचारा. माझ्या मते ग्राहकाने मागितलेली तारीख आणि आपण पहिल्यांदा कबूल केलेली तारीख हे दोन रकाने भरले की कुलूपबंद व्हावेत. सुधारित तारखेसाठी तिसरा रकाना घ्यावा आणि त्यातला प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला याची नोंद राहावी. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सहसा असते, ती सुरू ठेवायची की नाही हे कारखाना ठरवतो.

कायदा कोणती तारीख वाचतो

इथपर्यंत हा कारखान्याच्या आतला मामला वाटेल. पण भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ५५ पाहा. वेळ हा कराराचा गाभा आहे असा दोन्ही पक्षांचा हेतू असेल आणि काम वेळेत झाले नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. याच कलमात पुढे आहे, की ग्राहकाने उशिरा आलेले काम स्वीकारले आणि स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर त्या उशिराबद्दलची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. म्हणजे ८ जुलैची १५ जुलै झाली तेव्हा ग्राहकाला कळवले होते का, त्याने काय उत्तर दिले, यावर पैशांचा निकाल लागू शकतो. आणि तुमच्या पद्धतीत १५ जुलैखाली ८ जुलै शिल्लकच नाही.

निर्यातीत तर प्रत्येक तारखेचा मालक वेगळा असतो. पैसे लेटर ऑफ क्रेडिटने येणार असतील, तर बँक फक्त कागद पाहते. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम यूसीपी ६०० या नावाने १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांनुसार माल कधी रवाना झाला हे बिल ऑफ लेडिंगवरून ठरते. त्यावर माल जहाजावर चढल्याची वेगळी तारीख लिहिलेली असेल तर ती धरतात, नाहीतर बिल दिल्याची तारीख. कारखान्याच्या सॉफ्टवेअरमधली डिस्पॅचची ५ जून बँकेच्या लेखी शून्य आहे. मूळ बिल ऑफ लेडिंगसह कागद रवानगीनंतर २१ दिवसांच्या आत आणि एलसीची मुदत संपण्याआधी सादर करावे लागतात. तारीख हुकली म्हणून बिल ऑफ लेडिंगवर मागची तारीख टाकून घेण्याचा मोह काहींना होतो. ती सरळ फसवणूक आहे.

याच नियमांत प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाठ करावे असे काही आहे. एलसीत ‘१० जूनच्या सुमारास’ असे असेल, तर ५ जून ते १५ जून, दोन्ही दिवस धरून, असा अर्थ होतो. रवानगीच्या मुदतीसाठी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द वापरले तर सांगितलेली तारीख मोजणीत येते, ‘आधी’ आणि ‘नंतर’ वापरले तर येत नाही. हुंडीची मुदत ठरवताना मात्र ‘पासून’ म्हटले तरी ती तारीख वगळतात. एकच शब्द, दोन ठिकाणी दोन मोजण्या. एका दिवसाच्या फरकाने पैसे अडकतात ते असे.

सीमाशुल्क विभागाची तारीख आणखी निराळी. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १६ नुसार, शिपिंग बिल भरून होणाऱ्या निर्यातीवर शुल्क लागत असेल, तर त्याचा दर अधिकारी माल चढवण्याची परवानगी देतो त्या दिवशीचा धरला जातो. जहाज केव्हा सुटले याच्याशी त्याचा संबंध नाही. एकाच कंटेनरला कारखान्याची, सीमाशुल्काची, जहाज कंपनीची आणि बँकेची अशा चार तारखा चिकटतात आणि चारही बरोबर असू शकतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘शिपमेंट डेट’ नावाचा एकच रकाना ठेवला, तर त्यात यांतली कोणती भरायची हे क्लार्क स्वतःच्या अंदाजाने ठरवतो.

आता पुन्हा फाउंड्रीकडे येऊ. ती सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने तिचे पैसे देण्याला मुदत आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. मुदत चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. स्वीकारण्याचा दिवस म्हणजे माल प्रत्यक्ष पोहोचला तो दिवस. १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर हरकत दूर झाली तो दिवस. पंप कारखान्याच्या स्टोअरमध्ये मात्र बहुधा असे होते : ओतीव भाग २५ मेला फाटकातून आत येतात, तपासणीसाठी कोपऱ्यात पडून राहतात आणि स्टोअरकीपर पावतीची नोंद १ जूनला करतो. सॉफ्टवेअर १ जूनपासून ४५ दिवस मोजून १६ जुलैला चेक काढते. फाउंड्रीच्या चलनावर फाटकावरच्या शिक्क्याची तारीख २५ मे आहे. तिथून मोजले, तर मुदत ९ जुलैलाच संपलेली असते.